हलके फ्लायव्हील आणि क्लच : माझदा एमएक्स-५ साठी योग्य जोडी कशी निवडावी

गिअरबॉक्स एकदा खाली उतरला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि या सगळ्यांच्या मागे दडलेले फ्लायव्हील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाला बसवलेले जड चाक, असे सारेच एकदम समोर येते. त्यामुळे क्लच बदलायची वेळ आली, की स्पोर्ट्स कारच्या मालकाच्या मनात हलक्या फ्लायव्हीलचा विचार हटकून येतो. तो विचार रास्तही आहे, कारण नंतर हेच काम पुन्हा काढायचे म्हटले तर गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दुसऱ्यांदा मोजावी लागते. मात्र याच घाईत पुष्कळ जण 'सर्वांत हलके कोणते' एवढाच प्रश्न विचारतात आणि मिळेल त्या क्लचबरोबर ते बसवून टाकतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. गाडी कशी आणि कुठे चालवली जाते ते आधी स्वतःशी स्पष्ट करावे, त्यावरून क्लच ठरवावा आणि त्या क्लचला साजेल एवढेच वजन फ्लायव्हीलमधून कमी करावे.

उदाहरण म्हणून पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ घेतो, कारण ही गाडी मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षे वापरत आहे आणि तिचा गिअरबॉक्स माझ्या हातांनी उतरवलेला आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही दोन आसनी गाडी प्रथम दाखवली गेली. महाराष्ट्रातल्या वाचकाला माझदा हे नाव आठवते ते स्वराज माझदाच्या मिनीबसमुळे. ही छोटी गाडी भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, पण ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांना गाड्यांचे वेड आहे त्यांच्या हाती ती सहज येते. सुरुवातीच्या गाडीत १.६ लिटरचे इंजिन होते आणि त्याचा जास्तीत जास्त टॉर्क सुमारे १३६ न्यूटन-मीटर होता. पुढे १९९४ च्या मॉडेलपासून १.८ लिटरचे इंजिन आले व टॉर्क सुमारे १४९ न्यूटन-मीटर झाला. १.६ चा क्लच २०० मिलिमीटर व्यासाचा आहे आणि १.८ चा २१५ मिलिमीटरचा. हे चार आकडे ध्यानात ठेवावेत, कारण पुढची सगळी निवड त्यांच्याभोवती फिरते.

फ्लायव्हीलचे वजन आणि त्याचा खरा परिणाम

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा इंधन पेटते. म्हणजे मिनिटाला ८५० फेऱ्यांच्या आयडलिंगला सेकंदाला सुमारे अठ्ठावीस धक्के बसतात आणि दोन धक्क्यांच्या मध्ये क्रँकशाफ्ट किंचित मंदावतो. फ्लायव्हील धक्क्याच्या वेळी ऊर्जा साठवते आणि मंदावण्याच्या वेळी ती परत देते, म्हणून इंजिन एकसारखे फिरते. ही साठवणूक नुसत्या वजनावर अवलंबून नसते, तर ते वजन मध्यापासून किती अंतरावर आहे यावरही असते, आणि त्या अंतराचा वर्ग होतो. म्हणून कडेपासून काढलेले एक किलो हे मध्याजवळून काढलेल्या एका किलोपेक्षा कितीतरी अधिक परिणाम करते. खोक्यावर छापलेला वजनाचा आकडा त्यामुळे अपुरा आहे. दोन फ्लायव्हील सारख्याच वजनाची असूनही एकाने कड पातळ केलेली असते आणि दुसऱ्याने नुसती मधली भोके मोठी केलेली असतात. विक्रेत्याकडे जडत्वाचा, म्हणजे वजन आणि त्याचे मध्यापासूनचे अंतर दोन्ही धरणारा, आकडा मागावा. तो मिळाला नाही तर निदान छायाचित्र नीट पाहून कडेची जाडी तपासावी.

आता हिशेब करून पाहू, कारण या विषयातली अतिशयोक्ती हिशेबानेच गळून पडते. एमएक्स-५ चे मूळ फ्लायव्हील साधारण आठ किलोचे असते. त्याऐवजी चार-साडेचार किलोचे बसवले आणि जडत्व ०.०३५ किलोग्रॅम-वर्ग मीटरने कमी झाले असे समजू. १.६ च्या गाडीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.१३६ आणि मागच्या डिफरन्शियलचे ४.३ आहे; टायरची फिरती त्रिज्या ०.२८ मीटर धरली तर पहिल्या गिअरमध्ये हा बदल गाडीतून सुमारे ८० किलो वजन उतरवल्यासारखा ठरतो. दुसऱ्या गिअरमध्ये तोच बदल सुमारे २९ किलोंचा होतो, तिसऱ्यात १५ किलोंचा, चौथ्यात ८ किलोंचा आणि पाचव्यात जेमतेम साडेपाच किलोंचा. गाडीचे वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास असल्याने चौथ्या-पाचव्या गिअरमधला हा फरक घड्याळावर शोधूनही सापडणार नाही.

या आकड्यांवरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली म्हणजे, हलक्या फ्लायव्हीलमुळे इंजिनाची शक्ती तसूभरही वाढत नाही. वेग वाढवत असताना फ्लायव्हीलला फिरवण्यात जी शक्ती खर्च होत होती तेवढीच वाचते, आणि स्थिर वेगाने जाताना तीही नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हलक्या फ्लायव्हीलचे खरे सुख वेग वाढवण्यात नसून गिअर बदलण्यात आहे. इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचच्या सर्किटवर ड्रुइड्सच्या वळणाकडे चढताना ब्रेक लावून तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये यायचे असते. त्या क्षणी इंजिन ४००० फेऱ्यांवर असेल तर दुसऱ्या गिअरसाठी ते सुमारे ५७०० फेऱ्यांवर न्यावे लागते. उजव्या पायाचा पुढचा भाग ब्रेकवर ठेवून त्याच पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटरला एक टिचकी द्यायची, की इंजिन लगेच वर येते आणि क्लच सोडताना मागची चाके अडखळत नाहीत. जड फ्लायव्हीलला हीच टिचकी जास्त वेळ आणि जास्त जोराने द्यावी लागते. वर जाताना गिअर टाकला, की फेरे पटकन खाली येतात तो दुसरा फायदा. हे सुख मिळवण्यासाठी फ्लायव्हीलचे वजन अर्धे करावेच लागते असे मात्र नाही. दोन-अडीच किलो कमी झाले तरी पायाला फरक कळतो.

आधी क्लच ठरवावा

क्लच किती टॉर्क पेलू शकतो हे चार गोष्टींनी ठरते : प्रेशर प्लेटचा दाब, घर्षण करणाऱ्या लाइनिंगचा गुणांक, घर्षणाच्या पृष्ठभागांची संख्या आणि त्या पृष्ठभागाची सरासरी त्रिज्या. या चारही गोष्टींचा गुणाकार होतो. समजा, दाब ४००० न्यूटन आहे, साध्या ऑरगॅनिक लाइनिंगचा गुणांक ०.३ आहे, प्लेटच्या दोन्ही बाजू घर्षण करतात आणि सरासरी त्रिज्या ८२ मिलिमीटर आहे, तर क्लच सुमारे १९७ न्यूटन-मीटर टॉर्क पेलतो. तेवढ्याच दाबात त्रिज्या ९१ मिलिमीटर केली तर तो आकडा २१८ वर जातो. म्हणजे पेडल जड न करता, लाइनिंग कर्कश न करता, नुसता व्यास वाढवून दहा टक्के क्षमता मिळते.

म्हणूनच १.६ च्या मालकाला माझा पहिला सल्ला असा असतो, की त्याने २०० मिलिमीटरच्या क्लचसाठी महागडी 'रेसिंग' प्लेट शोधत बसू नये, १.८ चा २१५ मिलिमीटरचा क्लच आणि त्याला साजेसे फ्लायव्हील घ्यावे. दोन्ही इंजिनांच्या क्रँकशाफ्टला फ्लायव्हील सहा बोल्टांनीच बसते आणि बोल्टांची रचना सारखीच आहे, त्यामुळे १.८ चे फ्लायव्हील १.६ वर विनासायास चढते. अट एकच : फ्लायव्हील आणि क्लच दोन्ही १.८ चे हवेत. २०० च्या फ्लायव्हीलवर २१५ ची प्रेशर प्लेट बसत नाही. नवे फ्लायव्हील घ्यायचेच असेल तर हा बदल जवळजवळ फुकटात पडतो.

क्षमता किती ठेवावी? इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा पंचवीस-तीस टक्के जास्त, एवढी पुरेशी आहे. १३६ किंवा १४९ न्यूटन-मीटरच्या इंजिनाला ४०० न्यूटन-मीटरचा क्लच लावण्यात शहाणपण नाही, कारण ती जादा क्षमता कुठेतरी वसूल होतेच. ती कडक प्रेशर प्लेटमधून मिळवली असेल तर डाव्या पायाला ओझे होते. शिवाय पेडल दाबताना क्रँकशाफ्टवर पुढच्या दिशेने पडणारा रेटा वाढतो आणि तो सोसणारे थ्रस्ट बेअरिंग लवकर झिजते. अशा क्लचची गाडी सिग्नलला पेडल दाबून उभी करू नये, न्यूट्रलमध्ये घेऊन पाय काढावा. टर्बो बसवण्याचा बेत नक्की असेल तर गोष्ट वेगळी. मग होणारा टॉर्क धरून क्लच घ्यावा. पण 'कधीतरी टर्बो बसवू' या विचाराने आज जड क्लच घेऊन ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गाडीत टर्बो येतच नाही आणि ओझे मात्र रोज वाहावे लागते.

लाइनिंगच्या बाबतीत तीन प्रकार समोर येतात. ऑरगॅनिक लाइनिंग गुळगुळीत लागते, हाफ क्लच सोसते आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग कमी खाते. फार तापले तर मात्र ते चकाकी धरते व सरकू लागते. केव्हलारसारख्या अरामिड धाग्यांचे लाइनिंग टिकाऊ असते आणि सौम्यही, पण ते नीट बसायला बराच अवधी लागतो आणि त्या काळात हयगय केली तर पुढे कधीच नीट पकडत नाही. तिसरा प्रकार सिरॅमिक व धातूच्या मिश्रणाच्या टिकल्यांचा. चार किंवा सहा टिकल्या असलेली ही प्लेट उष्णता भरपूर सोसते, पण लागते एकदम. रस्त्यावरच्या गाडीसाठी मी ती कोणालाच सुचवत नाही. मी स्वतः एक वर्ष सहा टिकल्यांची प्लेट आणि अ‍ॅल्युमिनियमचे फ्लायव्हील अशी जोडी वापरली. सर्किटवर तक्रारीला जागा नव्हती, पण घराबाहेरच्या चढावर गाडी उलटी घेऊन गॅरेजमध्ये लावताना दर वेळी तीन-चार धक्के बसत आणि मागच्या डिफरन्शियलमधून टक्क असा आवाज येई. पुढच्या वर्षी मी ती प्लेट काढून ऑरगॅनिक घातली आणि फ्लायव्हीलही बदलले.

'स्टेज १', 'स्टेज २', 'स्टेज ३' या नावांवर विसंबू नये. ही नावे प्रत्येक उत्पादक आपापल्या मनाने देतो. एकाचा 'स्टेज २' दुसऱ्याच्या 'स्टेज १' पेक्षा सौम्य असू शकतो. न्यूटन-मीटरमधली क्षमता, लाइनिंगचा प्रकार, मधल्या भागात स्प्रिंग आहेत की नाहीत आणि प्लेटचे वजन, एवढी चार उत्तरे जो विक्रेता देऊ शकत नाही त्याच्याकडून क्लच घेऊ नये.

मधल्या स्प्रिंगबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण हलक्या फ्लायव्हीलशी त्यांचा थेट संबंध आहे. क्लच प्लेटच्या मध्यभागी गोल रचलेल्या त्या जाडजूड स्प्रिंग इंजिनाचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत जाऊ देत नाहीत. फ्लायव्हील हलके केले की इंजिनाची फिरण्यातली चढउतार वाढते, म्हणजे स्प्रिंगवरचे काम वाढते. नेमक्या त्याच वेळी बिनस्प्रिंगची, सरळ बसवलेली प्लेट घेतली तर दोन्ही बाजूंनी संरक्षण गेले आणि प्रत्येक धक्का गिअरच्या दातांवर आदळू लागला. हलके फ्लायव्हील घेणाऱ्याने स्प्रिंगची प्लेट सोडू नये, ही या लेखातली सर्वांत ठाम सूचना समजावी.

आणखी एक मुद्दा बऱ्याचदा नजरेआड होतो. पेडल दाबले की फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट इंजिनाच्या बाजूला राहतात, पण क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टबरोबर फिरत राहते. गिअर बदलताना सिंक्रोनायझर रिंगना तिचाच वेग जुळवून घ्यावा लागतो. त्यामुळे प्लेट जड असेल तर सिंक्रो झिजतात आणि घाईत टाकलेला गिअर खरवडतो. फ्लायव्हील कितीही हलके केले तरी यात सुधारणा होत नाही. दोन प्लेटा सारख्याच क्षमतेच्या असतील तर हलकी प्लेट निवडावी.

अ‍ॅल्युमिनियम, पोलाद आणि लेथवर उतरवलेले बीड

सर्वांत हलकी फ्लायव्हील अ‍ॅल्युमिनियमची असतात, पण क्लच प्लेट थेट अ‍ॅल्युमिनियमवर घासली तर ते टिकणार नाही. म्हणून त्यांच्या तोंडावर पोलादाची एक चकती स्क्रूने किंवा रिव्हेटने बसवलेली असते आणि कडेला स्टार्टरसाठी पोलादाची दाती असते. उष्णतेच्या बाबतीत अ‍ॅल्युमिनियम कमी पडते असे सरसकट म्हटले जाते, पण ते पूर्ण खरे नाही. एक किलो अ‍ॅल्युमिनियम एका अंशाने तापवायला सुमारे ९०० ज्यूल लागतात आणि एक किलो बिडाला सुमारे ४६०. त्यामुळे चार किलोंचे अ‍ॅल्युमिनियम आणि आठ किलोंचे बीड जवळजवळ सारखीच उष्णता पोटात घेतात. अडचण आहे ती मधल्या सांध्याची. पातळ पोलादी चकती आधी तापते, ती उष्णता सांध्यातून मागे जायला वेळ लागतो, आणि अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावत असल्याने वारंवार तापण्या-थंड होण्यात चकती वाकण्याचा धोका राहतो. चकती बदलता येते हा त्यातला दिलासा. मात्र ती सुटी मिळते की नाही हे विकत घेण्याआधी विचारावे.

क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाचे एकसंध फ्लायव्हील साधारणपणे पाच-साडेपाच किलोंचे असते. त्यात सांधा नाही, चकती नाही, आणि पृष्ठभाग खराब झाला तर पुन्हा घासून सपाट करता येतो. रस्त्यावर रोज चालणारी आणि वर्षातून पाच-सहा वेळा सर्किटवर जाणारी एमएक्स-५ असेल, तर माझी पसंती निःसंदिग्धपणे याला आहे. अ‍ॅल्युमिनियम मी फक्त अशा गाडीसाठी सुचवीन, जी ट्रेलरवर घालून सर्किटवर नेली जाते किंवा जिला रहदारीत रांगावे लागत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे मूळचे बिडाचे फ्लायव्हील लेथवर उतरवून हलके करणे. भारतात हा मार्ग सर्रास वापरला जातो, कारण आपल्याकडे लेथचे काम स्वस्त आणि हाताशी आहे. याबाबत मी सावधगिरीचाच सल्ला देईन. ७००० फेऱ्यांना १३७ मिलिमीटर त्रिज्येच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर होतो. बीड दाबाला मजबूत असते पण ताणाला दुबळे, आणि फिरणाऱ्या कडेवर ताणच पडतो. हा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यात जुन्या फ्लायव्हीलच्या पृष्ठभागावर तापून निळसर पडलेले डाग आणि केसासारख्या बारीक भेगा असतात. अशा तुकड्याची मधली जाडी अंदाजाने कमी केली आणि भेग वाढत गेली, तर तुटलेले तुकडे बेलहाउसिंग, म्हणजे क्लच आणि फ्लायव्हीलभोवतीचे धातूचे आवरण, फोडून बाहेर येतात. आणि एमएक्स-५ मध्ये बेलहाउसिंग चालक व सहप्रवाशाच्या पावलांच्या अगदी जवळ आहे. एकदा मला एका ओळखीच्या गाडीतून निघालेले असे फ्लायव्हील हातात घेऊन पाहायला मिळाले. एका वर्कशॉपने ते दोन किलोंहून अधिक उतरवले होते आणि बोल्टांच्या वर्तुळाबाहेर उपकरणाने काढलेली धारदार खाच तशीच ठेवली होती. त्या खाचेतून निघालेली भेग नखाला लागत होती. मालकाने ते पुन्हा बसवले नाही, हे त्याने फार योग्य केले. विकत घेतानाही एसएफआय १.१ या सुरक्षा-प्रमाणाचा शिक्का पाहावा; स्पर्धेत भाग घ्यायचा असेल तर काही ठिकाणी तो मागितलाही जातो.

काय सोसावे लागेल

घेण्याआधी तोटेही डोळ्यांसमोर असावेत. पहिला तोटा गाडी जागेवरून उचलताना जाणवतो. १५०० फेऱ्यांना मूळ फ्लायव्हीलमध्ये सुमारे ९०० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. तुलनेसाठी सांगतो, एक टन वजनाच्या गाडीला ताशी पाच किलोमीटर वेग द्यायला जवळजवळ तेवढीच ऊर्जा लागते. हलक्या फ्लायव्हीलमध्ये ती पाचशेच्या घरात येते. म्हणून सवयीच्या पायाने क्लच सोडला तर इंजिन बंद पडते आणि थोडे जास्त फेरे देऊन निघावे लागते. पाच-सहा दिवसांत पाय सरावतो, पण ज्याला रोज एक तास रांगत्या रहदारीत घालवायचा आहे किंवा खंबाटकीसारख्या घाटात चढावर थांबून थांबून निघायचे आहे, त्याच्या क्लचला हा जास्तीचा हाफ क्लच भोवतो.

दुसरा तोटा आवाजाचा. न्यूट्रलमध्ये पेडल सोडून गाडी उभी असताना गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येते आणि पेडल दाबले की थांबते. गिअरच्या दातांमध्ये जी थोडी फट असते तिच्यात दात पुढे-मागे आपटत असतात, त्याचा तो आवाज. त्याने गिअरबॉक्स बिघडत नाही, पण ज्याला तो आवाज बेअरिंग गेल्याचा वाटेल त्याची झोप उडेल. आयडलिंग ८५० वरून ९००-९५० वर नेले की खडखड बरीच कमी होते. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये बॉनेटखालच्या निदान-पेटीतले 'टेन' आणि 'ग्राउंड' हे दोन खण तारेने जोडून थ्रॉटल बॉडीवरच्या स्क्रूने हे करता येते. तार काढायला विसरू नये.

तिसरी बाब नव्या गाड्यांची आहे. १९९६ पासून अमेरिकेत विकलेल्या गाड्यांत इंजिनाचा संगणक क्रँकशाफ्टच्या वेगातले चढउतार पाहून 'मिसफायर' ओळखतो. फ्लायव्हील फार हलके असेल तर काहीही बिघाड नसताना दिवा लागू शकतो. चौथ्या पिढीच्या एमएक्स-५ च्या २०१९ पासूनच्या दोन लिटरच्या गाडीत तर दोन भागांचे, आत स्प्रिंग असलेले ड्युअल-मास फ्लायव्हील आहे. अशा गाडीत एकसंध फ्लायव्हील बसवले तर धक्के गिळणारी मूळ यंत्रणाच निघून जाते, म्हणून तिथे स्प्रिंगची क्लच प्लेट पर्याय न राहता अनिवार्य होते. पोर्शेनेही २०१६ च्या ९११ आर मध्ये एकसंध हलके फ्लायव्हील दिले ते मागणीनुसार मिळणारे पर्यायी अंग म्हणून. विमा कंपनीला बदल कळवणे ब्रिटनमध्ये बंधनकारक आहे. ते पत्र काम करण्याआधी पाठवावे.

बसवताना

एमएक्स-५ चा गिअरबॉक्स उतरवताना नवख्या माणसाला अडवते ती पॉवर प्लांट फ्रेम. गिअरबॉक्स आणि मागचे डिफरन्शियल यांना जोडणारा हा अ‍ॅल्युमिनियमचा लांब पट्टा सोडवण्याआधी गिअरबॉक्सखाली जॅक हवाच, कारण याच पट्ट्यावर त्याची मागची बाजू तोललेली असते. तो परत बसवताना गिअरबॉक्सच्या शेपटीची उंची जुळवली नाही तर प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि नव्या फ्लायव्हीलला नाहक दोष दिला जातो.

फ्लायव्हील काढल्यावर आधी मागचे ऑइल सील पाहावे, आणि ते कोरडे असले तरी बदलावे. काही रुपयांच्या, इथे काही पौंडांच्या, सीलने नवी प्लेट तेलात भिजवली तर सगळा खर्च वाया जातो. पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग नवीनच घालावीत. माझ्या पहिल्या वेळी एका वर्कशॉपने पायलट बेअरिंग 'अजून चांगले आहे' म्हणून तसेच ठेवले होते. चार महिन्यांत पेडल दाबल्यावर किरकिर सुरू झाली आणि तेवढ्यासाठी सगळे पुन्हा उतरवावे लागले. ते बोटाने फिरवून पाहावे : जरासे जरी खरखरले तरी ते गेले असे समजावे.

या इंजिनाचा क्रँकशाफ्ट स्वतःपुरता संतुलित असतो, म्हणून नवे फ्लायव्हील जुन्याशी जुळवून संतुलित करण्याची गरज नाही. मात्र नवे फ्लायव्हील आणि नवी प्रेशर प्लेट एकत्र जोडून बॅलन्सिंग मशीनवर तपासून घेतलेली बरी. प्रेशर प्लेट जागेवर बसवणाऱ्या छोट्या डॉवेल पिना नव्या फ्लायव्हीलबरोबर आल्या आहेत का ते आधीच पाहावे, नाहीतर जुन्यातल्या काढून घालाव्यात. नव्या पोलादी पृष्ठभागावर गंज धरू नये म्हणून तेलाचा थर असतो; तो ब्रेक क्लीनरने, स्वच्छ कापड पांढरे राहीपर्यंत पुसावा आणि नंतर त्याला बोट लावू नये.

फ्लायव्हीलचे सहा बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत ९६ ते १०३ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. त्यांची भोके आतल्या तेलापर्यंत उघडी असल्याने आट्यांना सीलंट लावणे आवश्यक आहे. प्रेशर प्लेटचे बोल्ट मात्र १८ ते २६ न्यूटन-मीटर एवढेच. इथे जोर केला तर आटे जातात. क्लच प्लेट मध्यावर धरणारे प्लॅस्टिकचे साधन बोल्ट पूर्ण आवळेपर्यंत काढू नये. इनपुट शाफ्टच्या दात्यांना ग्रीसचा पुसट हात पुरे. जास्त झाले तर ते फिरताना उडून लाइनिंगवर जाते.

गाडीखाली आडवे झालोच आहोत तर पेडलचा दाब द्रवाच्या मार्फत क्लचपर्यंत पोहोचवणारा स्लेव्ह सिलिंडरही पाहावा. या गाड्यांमध्ये तो गळतो हे सर्वश्रुत आहे. रबरी टोपी उचलून आत ओल दिसली तर तो बदलावा आणि डॉट ३ किंवा डॉट ४ चे ताजे द्रव भरून हवा काढावी. पेडल तळाशी पोहोचूनही क्लच पूर्ण सुटत नसेल, उलटा गिअर खरवडत असेल, तर फ्लायव्हीलवर संशय घेण्याआधी ही हवाच तपासावी.

पहिले आठशे किलोमीटर गाडी शहरातच चालवावी. थांबत, निघत, गिअर बदलत, पण पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर न देता. लाइनिंग आणि पोलाद एकमेकांवर याच काळात बसतात. हमरस्त्यावर सलग तीनशे किलोमीटर पाचव्या गिअरमध्ये गेल्याने क्लच बसत नाही, कारण तिथे तो घासलाच जात नाही. एवढे अंतर झाले की एका मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये २५०० फेऱ्यांवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्यावा. फेरे वाढतील पण वेग वाढणार नाही असे दिसले, तर क्लच सरकतो आहे. फेरे आणि वेग बरोबरीने चढले, तर पुढच्या ट्रॅक डेचे नाव नोंदवायला हरकत नाही.